ठिणगीची वेळ आणि वंगणाचे दोन थेंब

जुन्या मोटारसायकलीच्या तेलपाण्याचा विषय निघाला की बहुतेकांचा हिशेब इंजिन, गिअरबॉक्स आणि चेन या तीन जागांपाशी संपतो. प्रत्यक्षात ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतही, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला सरसकट ‘करंटचे काम’ म्हटले जाते त्या भागांतही, वंगणाच्या चार-पाच जागा असतात. त्या इतक्या लहान असतात की तिथे लागणारे तेल एक-दोन थेंबांत आणि ग्रीस काडेपेटीच्या काडीवरील गुलाइतक्या मापात मोजावे लागते. शिवाय इंजिनात तेल थोडे जास्त पडले तर फार तर धूर निघतो किंवा कुठून तरी ते ठिबकू लागते, पण ठिणगीच्या यंत्रणेत जास्त झालेले तेल कमी पडलेल्या तेलापेक्षा लवकर गाडी बंद पाडते. जिथे धातू फिरतो वा घासतो ती जागा ओली आणि जिथून वीज जाते ती जागा पूर्ण कोरडी असावी लागते, आणि या दोन जागांमधले अंतर अनेकदा बोटाच्या पेराएवढेही नसते.

याचे कारण समजण्यासाठी ठिणगी कशी पडते ते आधी पाहावे लागते. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दाबले जाते आणि पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या किंचित आधी स्पार्क प्लगच्या दोन टोकांमध्ये ठिणगी पडून ते पेटते. बॅटरीचा दाब सहा किंवा बारा व्होल्टचा असतो, तर दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट लागतात. हा दाब मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर मिळवला जातो: तारेच्या वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह एकदम थांबला की त्याने निर्माण केलेले चुंबकीय क्षेत्र मावळते आणि त्याच गाभ्यावर गुंडाळलेल्या, कितीतरी पट अधिक वेढ्यांच्या दुसऱ्या वेटोळ्यात मोठा दाब उत्पन्न होतो. ही दोन्ही वेटोळी सामावणारा भाग म्हणजे इग्निशन कॉइल, आणि तिच्यातला प्रवाह नेमक्या क्षणी तोडणारा स्विच म्हणजे काँटॅक्ट ब्रेकर, ज्याला भारतातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये नुसते ‘पॉइंट’ म्हणतात. पॉइंट उघडताना त्यांच्या फटीतच ठिणगी उडून टोके जळू नयेत आणि प्रवाह चटकन तुटावा, यासाठी त्यांना समांतर कंडेन्सर जोडलेला असतो, जो त्या क्षणी उसळणारा विजेचा भार स्वतःत साठवून घेतो. म्हणजे प्लगमध्ये ठिणगी पडते ती पॉइंट जुळताना नव्हे तर तुटताना, आणि ते कधी तुटतात यावर सगळे इंजिन चालते.

पॉइंटच्या दोन टोकांपैकी एक स्थिर असते, तर दुसरे एका खिळीवर डोलणाऱ्या छोट्या दांडीच्या टोकाला बसवलेले असते. दांडीला पातळ पट्टीची स्प्रिंग मिटलेल्या स्थितीत दाबून धरते आणि दांडीच्या अंगाला चिकटवलेला कडक फायबरचा किंवा बेकेलाइटचा ठोकळा फिरत्या कॅमवर, म्हणजे एका बाजूला उंचवटा असलेल्या पोलादी लाटेवर, टेकलेला असतो. उंचवटा ठोकळ्याखाली आला की पॉइंट उघडतात, पुढे सरकला की मिटतात. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ठिणगी दर दोन फेऱ्यांना एकदा लागत असल्यामुळे कॅम इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो; तरीही मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनात पॉइंट मिनिटाला १,५०० वेळा, म्हणजे तासाभरात ९०,००० वेळा उघडतात, आणि प्रत्येक वेळी पोलाद फायबरला घासून जाते. हा ठोकळा कोरडा राहिला तर तो झिजतो, तो झिजला की पॉइंटची फट कमी होते, आणि फट कमी झाली की उंचवटा बराच पुढे आल्याशिवाय पॉइंट उघडत नाहीत. परिणामी ठिणगी उशिरा पडते. फट साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायची असल्यामुळे झिजेचा एक दशांश मिलिमीटरही टायमिंग काही अंशांनी मागे ढकलायला पुरतो. म्हणूनच येथील वंगणाकडे केवळ भाग टिकवण्याचा उपाय म्हणून पाहणे अपुरे ठरते. इंजिनातले तेल धातूचे रक्षण करते, ठिणगीच्या यंत्रणेतले तेल वेळेचे रक्षण करते; आणि गाडी जुनी झाल्यावर ‘ओढत नाही’, ‘तापते’ किंवा ‘पूर्वीसारखी राहिली नाही’ अशा ज्या तक्रारी पिस्टन-रिंगांच्या नावावर जमा होतात, त्यांतल्या बऱ्याच कॅमशेजारच्या वाळलेल्या नमद्याच्या, म्हणजे कॅमला तेल पुरवणाऱ्या दाबलेल्या लोकरीच्या तुकड्याच्या, खात्यावर मांडायला हव्यात.

या यंत्रणेची दोन घराणी आहेत आणि दोन्ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहेत. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील अभियंता गोटलोब होनोल्ड याने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला, ज्यात चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरणारे वेटोळे स्वतःच वीज निर्माण करते आणि बॅटरीची गरजच उरत नाही. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जोडणी सुधारून मोटारींसाठी भरवशाची केली आणि ती १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांवर आली. मॅग्नेटो हलका, स्वयंपूर्ण आणि रस्त्यावर बॅटरी उतरण्याची धास्ती नसलेला असल्यामुळे मोटारसायकलींनी तो अनेक दशके उराशी धरला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटन मॅग्नेटोसाठी मुख्यतः जर्मनीवरच अवलंबून होते; त्या निकडीच्या काळात बर्मिंगहॅमच्या ल्यूकस कंपनीने या धंद्यात पाय ठेवला आणि पुढे बीएसए, नॉर्टन, मॅचलेस, ट्रायम्फ व रॉयल एनफिल्ड यांच्या असंख्य गाड्यांवर तिचेच मॅग्नेटो दिसू लागले. भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या निमित्ताने आलेल्या लष्करी मोटारसायकलींवरही हीच यंत्रणा होती. १९५५ मध्ये मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट ३५० येथे बनू लागली, त्यानंतर मात्र कॉइल आणि पॉइंटची दुसरी पद्धत भारतीय रस्त्यांवर रुळली, आणि बुलेटच्या काही मॉडेलांवर ती या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत टिकली. इंग्लंडमध्ये जे ज्ञान हौशी मंडळींपुरते उरले होते ते आपल्याकडे तालुक्याच्या गॅरेजमध्येही जिवंत राहिले, याचे श्रेय बऱ्याच अंशी या चिकाटीच्या मॉडेलला द्यावे लागते.

बुलेटच्या सिलिंडरच्या मागच्या बाजूला असलेल्या गोल डबीचे झाकण काढले की ही सारी मांडणी एका नजरेत दिसते: मधोमध कॅम, त्याला टेकलेला ठोकळा, पॉइंटची जोडी, ती धरून ठेवणारी पातळ तबकडी आणि कॅमच्या अंगाला स्पर्श करणारा नमद्याचा तुकडा. चांगल्या स्थितीतल्या डबीत कॅम चकचकीत दिसतो आणि बोट फिरवले तर बोटाला तेलाचा जेमतेम मागमूस लागतो, थेंब लागत नाही. उपेक्षित डबीत दोनपैकी एक दृश्य असते. एका प्रकारात कॅम मळकट तपकिरी, नमदा कडक झालेला आणि ठोकळ्याभोवती फायबरची बारीक भुकटी साचलेली असते. इंजिन सावकाश फिरवले तर चिरचिर असा आवाजही येतो. दुसऱ्या प्रकारात सगळे ओलसर चमकत असते आणि पॉइंटच्या खाली तबकडीवर एक काळसर, धुरकट रेघ उमटलेली असते. ही रेघ म्हणजे टोकांवर पोहोचलेले तेल तिथल्या बारीक ठिणग्यांनी जळून काजळी बनल्याची खूण असते. पहिल्या डबीचा मालक निष्काळजी असतो, दुसरीचा अतिकाळजी घेणारा. दुरुस्तीचा खर्च दोघांनाही सारखाच येतो.

पॉइंट उघडण्याचा क्षण बुलेटवर डोळ्यांनी पाहताही येतो. हेडलाइटवरील आवरणात बसवलेल्या अँपिअर मीटरचा काटा, चावी चालू करून किक हळूहळू दाबली असता, पॉइंट मिटलेले असेपर्यंत उणे बाजूकडे थोडा झुकलेला राहतो आणि ते उघडताच मध्यावर परत येतो. डिकॉम्प्रेसरची कळ दाबून पिस्टन दाबाच्या टोकापलीकडे न्यायचा आणि काट्याची ही हालचाल पाहून मग किक मारायची, ही बुलेट सुरू करण्याची जुनी रीत यावरच आधारलेली आहे. पॉइंटच्या टोकांवर तेलाचा पापुद्र्यासारखा पातळ थर धरला असेल तर हाच काटा झुकताना कचरतो किंवा झुकतच नाही, म्हणजे मीटर येथे बॅटरीबरोबरच टोकांच्या स्वच्छतेचीही साक्ष देतो.

पॉइंटच्या तबकडीखाली या यंत्रणेचा सर्वांत दुर्लक्षित भाग लपलेला असतो, तो म्हणजे ऑटो ॲडव्हान्स. पेट्रोलचे मिश्रण पेटून पूर्ण जळायला जवळजवळ ठराविक वेळ लागत असल्यामुळे इंजिन जितके वेगाने फिरेल तितकी ठिणगी पिस्टनच्या प्रवासात लवकर पडावी लागते, तर सुरू करताना आणि मंद गतीवर ती उशिरा पडणेच हिताचे असते. यासाठी कॅम थेट दांड्यावर पक्का न बसवता त्यावर थोडा फिरू शकेल असा बसवतात आणि त्याला दोन छोटी वजने जोडतात; वेग वाढला की केंद्रोत्सारी बलाने, म्हणजे फिरण्यामुळे बाहेर फेकणाऱ्या ओढीने, वजने फाकतात आणि कॅमला पुढे फिरवतात, आणि वेग उतरला की दोन बारीक स्प्रिंगा त्यांना परत जवळ ओढतात. वजनांच्या खिळी आणि कॅमच्या आतली नळी या दोन्ही ठिकाणी धातू धातूवर सरकतो, आणि या जागा झाकलेल्या असल्यामुळे वर्षानुवर्षे तिथे थेंबभर तेलही पोहोचत नाही. गंजाने वा वाळून चिकट झालेल्या जुन्या ग्रीसने वजने फाकलेल्या स्थितीत अडकली तर किक मारताना ठिणगी पिस्टन वर येण्याच्या बरीच आधी पडते, इंजिन उलट दिशेने झटका देते आणि किक पायावर उलटी बसते. बुलेटच्या उलट्या किकेने घोटे आणि पोटऱ्या दुखावल्याच्या कथा फुगवून सांगितल्या जात असल्या तरी त्यांच्या मुळाशी असे खरे कारण अनेकदा असते. वजने मिटलेल्या स्थितीत अडकली तर गाडी सुरू सहज होते, पण वेग धरत नाही, उष्णता सायलेन्सरच्या नळीकडे जाते आणि नळीचा इंजिनाजवळचा भाग निळसर पडू लागतो. वजने अडकत-सुटत राहिली तर मंद गती एका जागी ठरत नाही, ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन उतरायला वेळ घेते, आणि अशा वेळी बिचाऱ्या कार्ब्युरेटरचे स्क्रू दिवसभर पिळले जातात.

तपासणी सोपी असते. इंजिन बंद असताना कॅम बोटांनी धरून ज्या दिशेने तो फिरतो त्या दिशेला हलकेच वळवावा आणि सोडून द्यावा. तो स्प्रिंगांच्या ओढीने झटकन आणि पूर्णपणे मागे आला तर यंत्रणा मोकळी आहे, रेंगाळत आला किंवा अर्ध्यावर थांबला तर तबकडी काढून आतले साफ करणे भाग असते. साफसफाईनंतर प्रत्येक खिळीवर इंजिन ऑइलचा एकेक थेंब आणि कॅमच्या नळीत दांड्यावर तेलाचा पातळ हात एवढेच पुरते. येथे ग्रीस भरण्याचा मोह टाळावा लागतो, कारण दाट ग्रीस बारीक स्प्रिंगांच्या कामात अडथळा आणते आणि थंडीच्या सकाळी तर तेच वजनांना जखडून ठेवते.

कॅमवर मात्र परिस्थिती उलट असते, आणि तेल कुठे व ग्रीस कुठे हा फरक समजला की निम्मे काम समजले असे म्हणता येते. ग्रीस म्हणजे दाट केलेले तेल. त्यात धातुयुक्त साबणाचे सूक्ष्म जाळे असते आणि स्पंज पाणी धरून ठेवतो तसे ते जाळे तेल धरून ठेवून दाब आला की थोडे थोडे सोडते. हे जाळे कोणत्या साबणाचे आहे यावर ते किती उष्णतेला तग धरेल हे ठरते: जुन्या चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या, साध्या ग्रीसचे जाळे सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास कोसळते, तर १९४० च्या दशकात आलेल्या लिथियम ग्रीसचे जाळे त्याहून बरेच वर, १८० अंशांच्या पलीकडेही टिकते. तापलेल्या इंजिनाला खेटून असलेल्या डबीत पहिल्या प्रकारचे ग्रीस पातळ होऊन फिरत्या कॅमवरून उडते आणि नेमके पॉइंटवर बसते, म्हणून जुन्या पुस्तिका उष्णतेत न वितळणाऱ्या ग्रीसचा आग्रह धरतात. ते गुलाएवढे घेऊन ठोकळ्याच्या ज्या कडेकडे कॅम फिरत येतो त्या कडेला लावायचे असते, म्हणजे कॅम प्रत्येक फेरीत ते ठोकळ्यापाशीच लोटत राहतो. दुसऱ्या कडेला लावले तर तो ते ओढून नेतो. जिथे नमदा आहे तिथे त्यावर शिवणयंत्राला घालतात तशा पातळ तेलाचे एक-दोन थेंब द्यावेत आणि बाहेर आलेला ओलावा टिपून घ्यावा. पॉइंटची दांडी ज्या खिळीवर डोलते त्या खिळीला ग्रीसचा नुसता स्पर्श पुरतो. ही खिळी कोरडी पडून दांडी आखडली की वेग वाढल्यावर पॉइंट वेळेत मिटत नाहीत आणि गाडी ‘मिसिंग’ मारू लागते.

आधुनिक दुकानांत मिळणारी सगळीच ग्रीसे येथे चालत नाहीत. सिलिकॉनचे पारदर्शक ग्रीस प्लगच्या रबरी टोपीत पाणी शिरू नये म्हणून उत्तम काम करते, पण तेच पॉइंटच्या डबीत वापरले तर त्याचा अंश टोकांवरील ठिणगीत जळून सिलिकाचा, म्हणजे वाळूच्याच जातीचा, कडक थर तयार होतो, आणि तो विजेला अडवतो. ग्रॅफाइट किंवा तांब्याची पूड मिसळलेली वंगणे नेमक्या उलट कारणासाठी टाळावी लागतात, कारण त्यांची पूड वीजवाहक असून जिथे जाऊ नये तिथे विजेला वाट करून देऊ शकते. बारीक ग्रॅफाइटची कोरडी भुकटी चावीच्या कुलपात मात्र योग्य ठरते, कारण तिथे तेल घातले की धूळ धरून कुलूप जड होते.

कोरड्या ठेवायच्या जागांविषयी एक सवय विशेष घातक आहे, ती म्हणजे गॅरेजमधल्या रॉकेलच्या डब्यात ब्रश बुडवून सगळे एकाच वेळी धुऊन काढण्याची. रॉकेल मळ काढते हे खरे, पण वाळताना मागे तेलकट थर ठेवते, आणि पॉइंटच्या टंगस्टनच्या टोकांवर तेवढा थरही पुरेसा त्रास देतो. त्याऐवजी चटकन उडून जाणारे स्वच्छ व्हाइट पेट्रोल फडक्याला लावून, मोकळ्या हवेत आणि आगीपासून दूर, टोके पुसावीत आणि शेवटी पोस्टकार्डासारख्या गुळगुळीत जाड कागदाची पट्टी मिटलेल्या पॉइंटमधून दोन-तीन वेळा ओढून घ्यावी. पट्टीवर काळा पट्टा उमटणे थांबले की टोके स्वच्छ झाली असे समजावे. कापसाचा उपयोग टाळलेला बरा, कारण त्याचा एक तंतूही टोकांमध्ये अडकला तर ठिणगी नाहीशी होते. फिलर गेजची, म्हणजे फट मोजण्याच्या पोलादी पट्ट्यांची, तेलकट पाती पॉइंटमध्ये घालून फट मोजणारा मिस्त्री साफसफाईचे सारे कष्ट एका क्षणात वाया घालवतो, हे दृश्य मात्र चांगल्या गॅरेजमध्येही दिसते.

मॅग्नेटोच्या बाबतीत हा ओल्या-कोरड्याचा खेळ अधिक गुंतागुंतीचा होतो. ल्यूकसच्या मॅग्डिनोमध्ये, म्हणजे मॅग्नेटो आणि दिवे-बॅटरीसाठीचा डायनामो यांच्या जोडयंत्रात, एका प्रकारच्या रचनेत कॅम फिरत नाही. तो बाहेरच्या बाजूला कड्याच्या रूपात स्थिर असतो आणि पॉइंटची तबकडीच वेटोळ्याबरोबर त्याच्या आत फिरते. ऑटो ॲडव्हान्स नसलेल्या गाड्यांत हे कडे हँडलवरील छोट्या कळीने, केबलच्या ओढीने, थोडे पुढे-मागे फिरवून ठिणगीची वेळ चालवणारा स्वतः बदलतो. साहजिकच कडे आपल्या घरात मोकळे सरकले पाहिजे, त्यासाठी त्याच्या बाहेरच्या अंगाला तेलाचा हलका हात हवा, आणि केबलही वरून तेल सोडून गुळगुळीत ठेवायला हवी. नाही तर कळ एका जागी दिसते आणि कडे दुसऱ्याच जागी असते. कड्याच्या आतल्या पृष्ठभागाला तेल पुरवण्यासाठी नमद्याची वात ठेवलेली असते, आणि ल्यूकसच्या सूचनांप्रमाणे सुमारे ३,००० मैलांनी, म्हणजे ४,८०० किलोमीटरच्या आसपास, तिला पातळ तेलाचे मोजके थेंब द्यायचे असतात.

वेटोळे ज्या दोन बेअरिंगांवर फिरते त्यांच्यात कारखान्यातच ग्रीस भरलेले असते आणि ते यंत्र पूर्ण उघडल्याशिवाय बदलता येत नाही. बाहेरून तेल सोडून ते ताजे करण्याचा प्रयत्न निरुपयोगी तर असतोच, शिवाय आत ओघळलेले तेल स्लिप रिंगवर पोहोचते. स्लिप रिंग म्हणजे हजारो व्होल्टची वीज बाहेर घेणारे, निरोधक पदार्थाच्या खोबणीत बसवलेले धातूचे कडे. त्यावर कोळशाचा छोटा ब्रश टेकलेला असतो. ही खोबण तेलकट झाली की ब्रशची झिजलेली पूड तिला चिकटते, त्या पुडीतून वीज गळू लागते, आणि एकदा जळून तयार झालेली काळी वाट कितीही पुसली तरी पुन्हा तापते. एक दुसरा ब्रश वेटोळ्याला यंत्राच्या अंगाशी, म्हणजे अर्थिंगशी, जोडतो. तो मळाने अडकला तर वीज बेअरिंगांच्या गोळ्यांतून वाट काढते आणि त्यांच्यावर बारीक खड्डे पाडते. जुन्या ल्यूकस मॅग्नेटोच्या वेटोळ्यावरील लाखेचे निरोधक आवरणही उष्णतेने आणि वयाने मऊ होऊन बाहेर ओघळते आणि वेटोळे आतच चिकटवून टाकते. हे तपकिरी चिकट द्रव्य पाहून जुने ग्रीस पाघळले असे समजून पेट्रोलने धुण्याचा उद्योग पुष्कळदा होतो, तेव्हा खरे काम वेटोळे नव्याने गुंडाळून घेण्याचे असते.

टू-स्ट्रोक गाड्यांची गोष्ट तुलनेने छोटी आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून आलेल्या जावा आणि येझदी गाड्यांवर पॉइंटचा कॅम थेट क्रँकच्या टोकाला असतो आणि ठिणगी प्रत्येक फेरीला लागते, म्हणून त्याच वेगाला ठोकळा बुलेटच्या दुप्पट वेळा घासला जातो. तेथील नमद्याकडे दुप्पट लक्ष हवे, ऑटो ॲडव्हान्सची कटकट मात्र नसते. आकुर्डीत तयार झालेल्या बजाज चेतकसारख्या स्कूटरांत पॉइंट फ्लायव्हीलच्या आड असत आणि त्याच्या खिडकीतून ते घासून-पुसून घेणारे हात महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनी पाहिले आहेत. टू-स्ट्रोकमध्ये पॉइंट वारंवार तेलकट होत असतील तर वंगण जास्त झाल्याचा संशय घेण्यापूर्वी क्रँकचे ऑइल सील तपासावे, कारण सील कडक झाले की इंजिनातले तेलमिश्रित पेट्रोल याच डबीत शिरते.

महाराष्ट्रात, आणि विशेषतः कोकण-गोव्याच्या दमट पट्ट्यात, पावसाळा हा या यंत्रणेचा खरा परीक्षक असतो. जुन्या पॉइंटच्या दांडीत खिळीभोवती बसवलेली फायबरची बारीक नळी हवेतली ओल शोषून किंचित फुगते आणि खिळीला आवळते. स्प्रिंगला दांडी मागे आणता येत नाही, पॉइंट उघडेच राहतात आणि उन्हाळ्यात निर्धास्त चाललेली गाडी श्रावणात मुकी होते. अशा वेळी खिळीवर तेल ओतून उपयोग होत नाही. दांडी उतरवून नळी आतून अगदी थोडी मोकळी करून घ्यावी लागते. चार महिने झाकून ठेवलेल्या गाडीच्या कॅमवर तांबेऱ्याचे ठिपके येतात, ते ठोकळ्याला खरवडतात आणि थोड्याच किलोमीटरांत फट उतरवतात. म्हणून गाडी ठेवून देण्यापूर्वी कॅमवर तेलाचा पातळ हात फिरवावा, आणि बाहेर काढताना आधी कॅम पुसून, बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करून, मगच नवे ग्रीस लावावे. पॉलिश पेपरची पूड डबीत राहू देऊ नये, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

पॉइंट काढून टाकून त्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवण्याचा पर्याय आता सहज उपलब्ध आहे, आणि रोजच्या वापराच्या गाडीसाठी तो वाईट नाही. घासणारा ठोकळा नाही तर झीज नाही आणि वंगणही नाही. तथापि, काही संचांत जुनी ऑटो ॲडव्हान्सची वजने तशीच ठेवून फक्त पॉइंट बदलले जातात, आणि ‘आता काही पाहायला नको’ या समजुतीत त्या वजनांच्या खिळी कायमच्या कोरड्या पडतात. दुसरे असे की, केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण त्यासाठी ती मूळ रूपात जपलेली असावी लागते. अशा गाडीच्या मालकाने यंत्रणा बदलण्याआधी दोनदा विचार केलेला बरा. मूळ यंत्रणा राखायची ठरल्यास वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास, डबी उघडणे कमी फिरणाऱ्या गाडीला पुरेसे होते, मग मैलांचा हिशेब भरो वा न भरो.

नवे पॉइंट बसवल्यावरचे पहिले काही शे किलोमीटर या वेळापत्रकात धरू नयेत. कोऱ्या ठोकळ्याचा कॅमला टेकणारा भाग सुरुवातीला लवकर झिजून कॅमच्या आकाराशी जुळतो, त्या काळात फट भराभर कमी होते, आणि त्यामुळे साधारण ५०० किलोमीटरनंतर डबी पुन्हा उघडून फट आणि त्याबरोबर टायमिंग तपासावे लागते. फट बदलली की टायमिंग बदलते, म्हणून आधी फट आणि मग टायमिंग हा क्रम उलटा करून चालत नाही.